खरवडलेली ओळ

माझ्या दादाचं अक्षर मोत्यासारखं आणि डोकं दगडासारखं. एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेव आला तरी हलायचा नाही. आम्ही दोघं पोथ्यांच्या नकला करतो. मी मूळ पोथी मोठ्याने वाचते, तो बोरूने चामड्याच्या पानावर लिहितो. मग मी अक्षर न् अक्षर ताडून बघते. चूक निघाली की सुरीने शाई खरवडायची आणि पुन्हा लिहायचं.

सध्या येशूच्या चरित्राचं काम चाललंय. माणूस एक, लिहिणारे निरनिराळे, आणि प्रत्येकाचा येशू वेगळा. आमच्याकडे त्यातले दोघे आलेत. एकाची वाक्यं तुटक, त्याला मी तुटक्या म्हणते. त्याचा येशू चिडतो, उसासे टाकतो, घाबरतोसुद्धा. दुसरा समजूतदार. त्याचा येशू मरतानाही मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो.

समजूतदाराची नक्कल दादाने आधी पुरी केली. तुटक्याचं घोडं अडलं ते शेवटाशी. तिथे येशू क्रुसावर ओरडून देवाला विचारतो, मला का टाकलंस. मी हे वाचलं आणि दादाने लिहिलं समजूतदाराचं: बापाच्या हाती जीव सोपवून येशू शांतपणे गेला.

ही चूक आमच्या धंद्यात जुनीच. एक वृत्तांत पाठ असला की दुसरा लिहिताना हात आपोआप त्याच वाटेने जातो. मी हसून खरवडलं. दुसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मात्र हसू आलं नाही. एका खरवडण्यातच चामडं झिजलं होतं; पान उजेडाला धरलं तर तेवढ्या जागेतून पलीकडची खिडकी दिसायला लागली होती. पोथी न्यायला ख्रिस्ती मंडळीतले वडीलधारे उद्या सकाळी येणार होते.

"दादा, इथे तो ओरडतो."

"बहिरा नाही मी."

"मग लिही की!"

"नाही लिहीत. उद्या वडीलधाऱ्यांना सांग, दुसरा माणूस बघा. मी हे कामच सोडतो." त्याने बोरू खाली ठेवला.

बोरूशिवाय दादाला आता होतंच काय? वहिनी बाळंतपणात गेली. सात वर्षांची लेक छकुली मागच्या वर्षी तापाने गेली. त्या दुपारी दादा इथे, याच बाकावर होता आणि तिच्या उशाशी मी होते. "शांत झोपली रे, काही बोलली नाही," असं मी त्याला सांगितलं. तेवढ्या आधारावर त्याने वर्ष काढलं.

"समजूतदाराने बघ कसं लिहिलंय," तो म्हणाला. "बापाचं नाव घेऊन गेला. तसंच झालं असणार. हा तुटक्या ते ओरडणं कुठून घेऊन आला? ऐकायला कोण होतं तिथे?"

"असेल कोणीतरी. आपल्या माणसाबद्दल सगळे बरं तेच सांगतात, दादा. असलं कोणी मनाचं लिहील का? लिहिलंय म्हणजे कोणीतरी ऐकलंच असेल."

बोलून गेले आणि माझं मलाच लागलं. दादाने मान वर केली.

"छकुली काय म्हणाली होती?"

वर्षभर घोटलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. ते द्यायची मला लाज वाटली.

"तिने तुला हाका मारल्या. बाबा का येत नाही म्हणून रडली. तुला निरोप धाडायला हवा होता, मी धाडला नाही. वाटलं, उतरेल ताप. दादा, मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी नाही. माझ्यासाठी."

आता हा जन्मात माझं तोंड बघणार नाही, असं मला वाटलं.

"मग?" त्याने विचारलं.

"मग झोपली. ते खोटं नव्हतं."

दादाने माझ्या हातातून सुरी घेतली आणि वरवरची शाई अगदी हलक्या हाताने काढली. चामडं टिकलं.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. त्याने एकेक अक्षर जसंच्या तसं लिहिलं आणि बोरू पुसून ठेवला.

"हाका मोठ्याने मारल्या होत्या?"

"हो. खूप मोठ्याने."

दादा रडायला लागला. मी ओल्या शाईचं पान त्याच्यापुढून सरकवलं आणि त्याला रडू दिलं.