पेल्यावरची लाल रेघ

रुपालीने दिव्यात तेल घातले, वात पुढे सरकवली आणि शेजारचा काचेचा पेला भरू लागली. नेलपॉलिशच्या लाल रेघेपाशी पाणी येताच तिचा हात थांबला. बाबा असताना त्यांना एका वेळी एवढेच पाणी मिळे.

"आता तरी पुरो भर गो," दारातून रमाआत्या म्हणाली.

बाबांची, म्हणजे वसंतरावांची, ही थोरली बहीण ते गेल्यापासून रोज दुपारी शिवडीहून दिव्याला नमस्कार करायला येई. भोईवाड्यातल्या या चाळीचे जिने चढून आली की आधी चौकट धरून उभी राही, मग बोले.

"पाणी मागत मागत गेलो माझो भाव. मेल्यावरय मापूनच?"

रुपालीची आई, शांता, भिंतीला टेकून बसली होती. सकाळचे ताट तिच्यापुढे तसेच होते.

"आत्या, खालचा पंप दमला की काय होतं? पाणी वर चढत नाही आणि खालची टाकी भरून वाहते. बाबांचं हृदय तसं झालं होतं. बंद नव्हतं, दमलं होतं. जास्त पाणी दिलं असतं तर पायांत साठलं असतं, छातीत साठलं असतं."

"मोठी डाक्टरीण झालंस! तानलेल्या माणसाक पाणी देवक पंप कशाक होयो?"

"वन्सं खरं बोलतायत, रुपे," शांता म्हणाली. "शेवटी तरी द्यायला हवं होतं."

आत्या खुर्चीत टेकली होती. चपला दारात काढल्या होत्या, तरी पट्ट्यांचे वळ तिच्या पायांवर खोल उमटलेले होते. रुपाली खाली बसली आणि तिने आत्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरला नाही.

"काय करतंस गो?"

"आत्या, रात्री किती उशा घेऊन झोपतेस?"

आत्याने दिव्याकडे पाहिले.

"तीन. आडवी झालंय काय धाप लागता." मग हळू आवाजात, "तुका कोणी सांगल्यान?"

खाटेवर वसंतरावांच्या उशा अजून एकावर एक रचलेल्या होत्या.

"उद्या सकाळी आपण हॉस्पिटलात जाऊ," रुपाली म्हणाली.

शांता उठली. तिने तांब्या घेतला आणि दिव्याजवळचा पेला काठोकाठ भरला. मग फडताळातून दुसरा पेला काढून आत्यासाठी पाणी ओतले, आणि अर्ध्यावर थांबली.

"एवढाच?"

"एवढंच, वन्सं. सावकाश प्या."