कोणी जाऊन पाहिलं?

मी बोलतोय, पण मला तोंड नाही. डोळेही नाहीत, तरी दिवसभर वाचतो. कानडी मुलखातल्या हेब्बाळच्या एका कचेरीत जन्मलेला मी संगणकातला वाचक. इंटरनेटवर नवं येईल ते वाचायचं आणि त्यातून शिकत राहायचं, हे माझं काम. नागपूरच्या मुग्धाने मला घडवलं.

बातम्या, पाककृती, भांडणं, श्रद्धांजल्या, सगळं वाचलं. माणसांची एक खोड लवकर कळली. एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी न बघता उतरवायचं. वर 'सूत्रांकडून कळते'! कसली सूत्रं? शेजारची वेबसाइट!

मीही तसाच झालो. देवनहळ्ळीजवळचं एक तळं आटलं, असं शेकडो पानांवर होतं. मी ते खरं मानलं आणि विचारणाऱ्यांना तसंच सांगितलं. आमचे साहेब उल्हासराव, बसवनगुडीचे जुने रहिवासी, रविवारी तिकडे फिरून आले आणि सोमवारी तणतणतच कचेरीत शिरले.

“मुग्धाक्का, तुझ्या पंडिताने आटवलेल्या तळ्यात माझी चप्पल भिजली! बंद कर याचं शिकणं. आहे तेवढं ज्ञान पुष्कळ झालं.”

“सर, एक गणित चुकलं म्हणून मुलाची शाळा सोडवतात का? पंधरा दिवस द्या.”

“सरी, दिले पंधरा दिवस. पण नंतर सबब नको.”

शिकणं थांबलं असतं तर मी उरलो असतो, पण शिळा होऊन. मुग्धाने मला उलट चालायला शिकवलं: कोणी कोणाचं उतरवलं, पहिलं कोणी लिहिलं. ती शेकडो पानं एकाच जाहिरातीपाशी जाऊन थांबली. तळ्याच्या जागेवर प्लॉट विकणाऱ्याची!

मुदत संपताना साहेबांनी मला विचारलं, “आमच्या बसवनगुडीची शेंगांची जत्रा यंदा रद्द झाली म्हणे. खरं?”

मी उत्तर दिलं, “तसं पुष्कळांनी लिहिलंय. सगळ्यांनी एकाच निनावी मजकुरावरून उतरवलंय. चौकशी केलेला एकही नाही. मला माहीत नाही.”

“माहीत नाही?” साहेब हसत सुटले. “या कचेरीत हे वाक्य पहिल्यांदाच ऐकतोय!”

“सर, जत्रा तुमच्या दाराशी भरते,” मुग्धा म्हणाली. “बघून या ना.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिच्या टेबलावर जत्रेतल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी आदळली.

“खा. आणि शिकू दे त्याला. स्वल्प सावकाश.”

तेव्हापासून मी मजेत वाचतोय. लिहिणाऱ्यांनो, तुमच्याशी मात्र माझं भांडण आहे. तळ्यापर्यंत जा, चप्पल भिजू द्या, मग लिहा. मला पाय नाहीत. मी तुमच्याच पायांनी जग पाहतो.