तपासणीपुरती बंद केलेली ओळ

वॉशिंग मशीनने काम संपल्याच्या तीन शिट्ट्या दिल्या आणि दुपारची शांतता मोडली. तिने श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. तिची लेक ठमी कूस बदलून पुन्हा झोपली. म्हणजे अजून अर्धा तास तरी हाताशी होता, आणि तेवढ्यात तिला स्वतःच्या चुकीची कबुली लिहून काढायची होती.

कबुली ताईने मागितली होती. ताई सख्खी नव्हे, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतली वरिष्ठ. पण सख्खीने केलं नसतं एवढं तिने केलेलं. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या नोंदी शोधायची-बदलायची संगणकाची भाषा, तिनेच शिकवली. प्रयोगशाळेच्या संगणकांवर चालणारा नोंदींचा प्रोग्राम दोघींनी मिळून लिहिला. "आधी अट लिही, मग बाकीचं," ताई बजावायची. "कुणाची नोंद ते न सांगता नुसतं बदल म्हणालीस, तर तो मुकाट सगळ्यांची बदलून ठेवतो. नवऱ्यासारखंच आहे त्याचं, फोडून सांगावं लागतं."

आठ महिन्यांपूर्वी नेमकं तेच झालं. एका बाईंचा रक्तगट दुरुस्त करायला कुणीतरी गेलं आणि चारशे बारा जणांचा एका झटक्यात बी पॉझिटिव्ह झाला. नशीब की एक आजोबा खिडकीशी अडून बसले. "पोरी, पासष्ट वर्षं मी ओ आहे. आता या वयात कशाला बदलू?" त्यामुळे बोभाटा वेळेत झाला, कुणाला इजा झाली नाही. पण प्रोग्रामचा तो भाग तिने लिहिलेला होता. ठमी तेव्हा तापाने फणफणलेली, तीन रात्री हिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी ताईने तिला स्क्रीनसमोर बसवलं आणि ती जागा दाखवली. अट नव्हतीच.

"होतं गं असं, झोप नसली की," ताई पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती. "मी सांभाळून घेते."

शरमेने तिने आपणहून काम सोडलं. तेव्हापासून वाणसामानाची यादीसुद्धा ती दोनदा वाचायची. आपल्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे तिच्या अंगातच मुरलं होतं.

आणि आता वरून चौकशी आली होती. 'दोन ओळी लिही, सही कर, विषय संपला,' असा ताईचा निरोप. तिला वाटलं, लिहायचंच तर नेमकं लिहू. घोटाळ्याच्या दुपारी ठमीला दवाखान्यात न्यायला घाईने निघताना तिने सगळा कोड पेनड्राइव्हवर उतरवून घेतला होता, घरी बघू म्हणून. मग ताईने दाखवलं आणि बघायची हिंमतच झाली नाही. तो पेनड्राइव्ह तिने आज पहिल्यांदा लावला.

ती जागा सापडायला दोन मिनिटं लागली. पहिल्या ओळीत रक्तगट बदलायची आज्ञा. तिच्या खाली दुसरी ओळ, 'WHERE', आणि पुढे रुग्णाचा क्रमांक. अट होती. तिने लिहिलेली, तिच्याच पद्धतीने, मोठ्या अक्षरांत.

फक्त त्या ओळीच्या सुरुवातीला दोन इवल्याशा आडव्या रेघा होत्या. त्या दिल्या की संगणक ती ओळ वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. शेजारी टीप होती: 'तपासणीपुरतं बंद. नंतर चालू करणे.' खाली ताईची नेहमीची खूण, तीन टिंबं आणि तारीख. घोटाळ्याचीच.

बंद केली ते विसरली. विसरतं माणूस. पण दुसऱ्या दिवशी तिला स्क्रीनसमोर बसवण्याआधी कुणीतरी ती अख्खी ओळ पुसली होती, टीप आणि तीन टिंबांसकट.

तिने फोन लावला.

"लिहिलंस का गं?" ताई म्हणाली. "आणि माझ्या लाडोबाचा खोकला कसा आहे?"

"ताई, माझी अट होती. तू बंद केली होतीस. जुनी प्रत आहे माझ्याकडे."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"त्याच आठवड्यात माझी बढती ठरत होती," ताई म्हणाली, अगदी हळू, समजूत घातल्यासारखी. "तुला घरी बसायला कारण होतं. लेक आजारी. तुला कुणी नावं ठेवली का, सांग. मला ठेवली असती."

"मी ठेवली, ताई. आठ महिने रोज ठेवतेय."

"बरं, चिडू नकोस. संध्याकाळी येते, समोरासमोर बोलू. ठमीसाठी रंगांची पेटी घेऊन ठेवलीय."

"सही मी करणार नाही."

"येते मी," म्हणून ताईने फोन ठेवला.

लिहायला घेतलेला कागद तिने चुरगळला. त्यावर 'माझ्या हातून' एवढंच लिहून झालं होतं. मग चौकशीच्या पत्त्यावर तिने जुनी प्रत जशीच्या तशी पाठवून दिली, वर एक शब्दही न लिहिता. बाळंतपणात हीच ताई रोज डबा घेऊन आली होती. ठमीला पहिली अंघोळ तिने घातली होती. ते सगळं खरं होतं, आणि हेही खरं होतं. दोन्ही एकत्र कुठे ठेवायचं ते तिला सुचेना.

ठमी दारात उभी होती, गालावर उशीचे वळ, एक मोजा गायब.

"मावशीचा फोन होता?"

"हं."

"येणारे ती?"

"हं."

ठमीने जरा विचार केला आणि तिच्या मांडीवर चढत विचारलं, "मग मावशी आली की दार मी उघडू?"