दुखवट्याच्या घरचा दोदोल

नाताळाचा दोदोल एकट्याने होत नाही. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ एकदा तांब्याच्या भांड्यात चढवला की डाव थांबता कामा नये. थांबला की तळाला लागलाच. म्हणून आमच्या वाड्यावर ज्या घरी दोदोल असतो तिथे शेजारणी आपणहून येतात. एकीचा हात भरून आला की दुसरी डाव घेते, आणि तेवढ्यात गावातली निम्मी लग्नं जमवून आणि मोडून होतात. या वर्षीही मी घरोघरी सांगून आले होते. पिएदाद म्हणाली, "बघते हं बाय." रोमाल्डिनाचा खांदा ऐन वेळी धरला. जिला कसलंच दुखणं नव्हतं ती म्हापशाला गेली. माझ्या चुलीपाशी कुणी म्हणजे कुणी आलं नाही.

का आलं नाही ते मला कळत होतं. न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझा नवरा झेफेरीन जहाजावर स्वयंपाकी. पावसाळ्यात ते जहाज दूर कुठेतरी बुडालं. काही जण सापडले, बाकीचे बेपत्ता, आणि त्या बाकीच्यांत झेफेरीन. एजंट फोनवर बेपत्ता म्हणाला, मी बेपत्ता ऐकलं. गावाने मात्र त्याला मारूनच टाकलं. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरी त्या वर्षी नाताळाचं गोड करत नाहीत, दारात कागदी नक्षत्र टांगत नाहीत. शेजारी ताट आणून देतात, त्यावर भागवायचं. आणि त्या घरचं गोड कुणी तोंडात घालत नाही.

गावाचं सोडा. माझ्या सासूने, एर्मेलिंडाने, ऑक्टोबरातच काळे कपडे घातले. पोटच्या मुलासाठी! त्या दिवसापासून आमचं जे वाजलं ते थांबलंच नाही.

"मांय, तो परत आला आणि तुम्हाला अशा बघितलं तर काय वाटेल त्याला?"

"मला तशी बघायला येऊ दे तर खरा," ती म्हणायची आणि जपमाळ पुढे ओढायची.

मी हट्टाला पेटले. दरवर्षी नक्षत्र झेफेरीन बांधायचा. या वर्षी कळकाच्या कामट्या मी तासल्या. बोटं सोलून निघाली आणि नक्षत्राचा एक कोपरा लुळा पडला तो पडलाच. माझ्या सहा वर्षांच्या फ्लावियाने त्यावर लाल-पिवळे पतंगी कागद चिकटवले. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी तिने करवंट्यांत नाचणी पेरली होती, तिची हिरवीगार लव आली. खोक्याचा गोठा, चुन्याच्या गोळ्यांची मेंढरं, सगळं तिचं तिने केलं. नव्या फणीवर पिठाच्या गोळ्या दाबून आम्ही दोघींनी कुलकुलं वळली, करंजीसारख्या नेवऱ्या भरल्या. नेवऱ्यांच्या कडा तिने चिमटून घातल्या, म्हणजे निम्म्या तेलात उघडल्या. "पप्पा आले की हसतील," ती म्हणाली. हसू दे, मी म्हटलं. नुसतं येऊन हसू दे.

राहिला दोदोल. मी एकटीनेच चढवला. पहिला तास बरा गेला. मग रस आटला, डाव जड झाला, माझे दंड थरथरायला लागले. बुडबुडे हातावर उडत होते आणि मला हात पुसायलाही थांबता येत नव्हतं. शेवटी मी ओरडले, "मांय, एकदा हात लावा! लागतंय हो!"

ती दारात आली. तिथेच थांबली.

"दुखवट्याच्या घरात भांडं चढवलंस, आणि वर मला हात लावायला सांगतेस?"

"तुमच्या मुलासाठी चढवलंय!"

"माझ्या मुलासाठी मी प्रार्थना करते आहे."

"मेलेल्याची!"

ती आत निघून गेली. दोदोल तळाला लागला. वरवरचा मी वाचवला. त्यातही करपलेले काळे कण राहिले. तो थाळ्यात ओतला आणि तिथेच जमिनीवर बसून रडले. डोळे पुसायला हात उचलत नव्हते, फ्लावियाने पुसले.

नाताळच्या आदल्या सकाळी ताटं भरली, विणलेले पांढरे रुमाल घातले आणि फ्लावियाला घेऊन निघाले. सासू दारापुढच्या बल्कांवावर बसली होती, तिने मान वळवली. मी प्रत्येक दारात मुद्दाम मोठ्याने बोलत होते, "झेफेरीनला उशीर होतोय, नाहीतर तोच आला असता!" आणि नवल म्हणजे सगळ्यांनी ताट घेतलं. पिएदादनेही घेतलं. "अगो, किती केलंस एकटीने," म्हणाली. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! गोड घेतलं म्हणजे घरात कुणी मेलं नाही, एवढं तर गावाने मानलं.

परत येताना फ्लाविया पुढे पळाली आणि मी मागच्या वाटेने आले. पिएदादच्या डुकराच्या खोपीपाशी थबकले. डुक्कर चपाचपा खात होतं. काळे कण असलेला दोदोल. फ्लावियाने चिमटलेल्या नेवऱ्या. माझं रिकामं ताट हातात घेऊन पिएदाद बाजूला उभी होती.

"लुडविन..." तिचा चेहरा पांढरा पडला. "माझा मुलगा मिनिन जहाजावर आहे गं. तुझ्या घरचं मी घरात कसं ठेवू? मला भीती वाटते गं बाय."

मला शिव्या काही कमी येत नाहीत. त्या दिवशी एकही आली नाही. मी ताट तिच्या हातातून ओढून घेतलं, घरी आले आणि सासूच्या पायापाशी आपटलं.

"झालं तुमच्या मनासारखं. डुकराने खाल्लं."

"कुणाच्या?"

"पिएदादच्या."

ती उठली, आत गेली, थाळ्यातला दोदोलचा हा एवढा तुकडा कापून त्याच ताटात घातला आणि अनवाणी चालायला लागली. मी मागे धावले.

"पिएदाद, बाहेर ये!"

पिएदाद दारात आली. माझ्या सासूने ताट तिच्यापुढे धरलं.

"खा."

"एर्मेलिंडा, तू स्वतः काळं घातलं आहेस आणि मला..."

"मी घातलंय. माझ्या सुनेने घातलेलं नाही. ती म्हणते येणार आहे तो. खा."

आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. पिएदादने तुकडा मोडला आणि डोळे घट्ट मिटून, कडू औषध घ्यावं तसा गिळला.

"आता म्हण. झेफेरीन येईल म्हण."

"येईल," पिएदाद म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

"मोठ्याने म्हण! लोकांना ऐकू दे!"

"येईल गं, येईल!"

"पुन्हा!"

म्हातारी ताट पुढे रेटत राहिली. आयुष्यात कधी कुणाच्या दारात आवाज न चढवलेली बाई, भर सकाळी, डोक्यावरचा पदर पडलेला, शेजारणीकडे मुलाच्या जिवाची भीक मागत होती. मला ते बघवेना. माझ्या हट्टाने तिची ही दशा केली होती. मी तिला मागून कवेत धरलं.

"पुरे, मांय. चला घरी. गेला तो."

ती थांबली.

"गेला," मी म्हणाले. "मला माहीत आहे. गेला तो."

इतक्या महिन्यांत हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला. ती माझ्याबरोबर घरी आली. बल्कांवावर चढता चढता मात्र ती पायरीवरच बसली.

"काय बोललीस तू?"

"मांय, तुम्हीच तर म्हणत होता..."

"मी म्हणत होते!" तिने माझे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. "मी काळं कुणाच्या जिवावर घातलं गं? तू मानत नव्हतीस म्हणून घातलं. तू भांडायचीस तेव्हा मला वाटायचं, हिचंच खरं असेल, ही तरुण आहे, हिला जास्त कळतं. मी रोज तुझ्याशी भांडायचे ते हरायला. आता तूही माझ्याच बाजूला आलीस, तर त्याच्या बाजूला कोण राहिलं?"

मग ती रडली. काळे कपडे घातल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. फ्लाविया दारात येऊन उभी राहिली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"भांड माझ्याशी," सासू म्हणाली. "तू खोटारडी आहेस म्हण मला. तो येणार आहे म्हण. लुडविन, म्हण गं!"

मी डोळे घट्ट मिटले.

"येईल," मी म्हणाले. मघाशी पिएदाद म्हणाली होती, अगदी तसंच.