बनियनचे तीन डबे

रिसोडच्या जैन स्थानकात पर्युषणाच्या दुपारी बायकांची प्रश्नोत्तरं रंगत. वीस वर्षं ती पानाबाईनं चालवली. वहीत नुसते प्रश्न, बाकी सगळं डोक्यात. कुणाला काय विचारून झालंय, कुणाला काय येतं, तिला पाठ. एकीला तोच प्रश्न पुन्हा नाही आणि एखादं नवं उत्तर शिकल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, हा तिचा कायदा. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या चैत्रात ती गेली. आता प्रश्नोत्तरंही संपली, असं सगळेच धरून चालले.

तिचा नवरा घेवरचंद कापड दुकानदार. गिऱ्हाइकाशीसुद्धा मापापुरतं बोलणारा माणूस. पण तिचं काम बंद पडू द्यायचं नाही, हे त्याच्या मनानं घेतलं. साड्यांच्या घड्यांतले पुठ्ठे कापून त्यानं कार्डं केली आणि बनियनचे तीन रिकामे डबे घेतले. एकात प्रश्न, दुसऱ्यात उत्तरं, दोन्हींवर एकच नंबर. तिसऱ्यात प्रत्येक बाईचं एक कार्ड. त्यावर तिला विचारून झालेल्या प्रश्नांचे नंबर.

प्रश्न पानाबाईच्या वहीत मिळाले, उत्तरं पोथ्यांत. तिसरा डबा मात्र घरोघर फिरल्याशिवाय भरेना. दोन महिने तो रोज कुणाच्या तरी ओसरीवर बसला. बायका आठवून आठवून सांगत, मध्येच पानाबाईची एखादी गोष्ट निघे, चहा होई. ती गेल्यापासून त्याचे तेवढेच दिवस बरे गेले.

शेवटी झाकणावर त्यानं नियम लिहिला: उत्तराचं कार्ड सापडलं नाही, तर पुढचा प्रश्न घ्यावा.

पर्युषणाच्या पहिल्याच दुपारी डबे झकास चालले. महिला मंडळाची भंवरीबाई खूश झाली.

"भाऊजी, आता तुमी दुकान सोडून येऊ नका. डब्यात सारं हाय."

चांगल्या मनानंच बोलली बिचारी. पण घेवरचंदच्या लक्षात आलं: आपल्याच हातानं आपण आपली गरज संपवली होती. निघताना त्यानं सत्तावन्न नंबरचं उत्तर गुपचूप खिशात घातलं. विचारायला कुणीतरी येईलच.

सात दिवस तो दुकानात वाट पाहत बसला. कुणी आलं नाही.

पर्युषणाचा शेवटचा दिवस म्हणजे संवत्सरी; तिच्या दुसऱ्या दिवशी भंवरीबाई सगळ्यांकडे क्षमा मागत फिरत होती. त्याच्या दुकानात येऊन तिनं हात जोडले.

"वर्सभरात काही दुखावलं असीन तर माफ करा, भाऊजी. अन् एक उत्तर हरपलं होतं, पण तुमच्याच नियमानं पुढला प्रश्न घेतला. काही अडलं नाही."

घेवरचंदनंही हात जोडले. क्षमेच्या दिवशी खोटं कुठल्या तोंडानं बोलणार? त्यानं कार्ड तिच्यापुढं ठेवलं.

"म्याच काढलं होतं."

"काहून?"

"कोणी तरी इचाराले येईन म्हून."

भंवरीबाईची अजून तीस घरं राहिली होती. तरी ती गादीच्या काठावर बसली.

"तिसऱ्या डब्यात पानाबाईचं कार्ड दिसलं नाही," ती म्हणाली.

"काय लिहू त्याच्यावर? तिले कोणी कधी काही इचारलंच नाही." त्यानं कार्ड तिच्याकडं सरकवलं. "म्या भी नाही."