उसनं नाव

गॅसवर तापवलेली लोखंडी फणी रोशेलने ओल्या फडक्यावर टेकवली. चर्र झालं, वाफ निघाली.

"कान धर," ती म्हणाली.

तिच्या आईने, अर्नेस्टीनने, डावा कान दुमडून धरला. उद्या रविवार, चर्चचा दिवस. केस सरळ केल्याशिवाय ही बाई देवासमोर कधी गेली नव्हती, आणि आता म्हातारपणी ती सवय मोडायचा तिचा विचारही नव्हता. एके काळी याच स्टुलावर रोशेल बसायची आणि फणी आईच्या हातात असायची.

"घराचं कुठवर आलं?"

"चाललंय."

"गेल्या शनिवारीही चाललंच होतं. लंगडं आहे का ते घर?"

एरवी रोशेल हसली असती. आज तिने नुसती केसांची पुढची बट वेगळी केली. घर विटांचं होतं, लहानसं, पुढे पडवी आणि मागे चेरीचं झाड. कियाने, तिच्या मुलीने, आपली खोली ठरवून भिंतीचा रंगसुद्धा निवडून ठेवला होता. किल्ल्या हातात पडेपर्यंत आईला मात्र ते दाखवायचं नाही, असं रोशेलने मनाशी ठरवलं होतं. दोन घरं अशीच दाखवली होती आणि दोन्ही हातची गेली होती.

नवरा गेला तो तिच्या नावावर कर्ज ठेवून गेला. तेव्हापासून रोशेल आपली बुडालेली पत वर काढत होती. दिवसा दवाखान्याच्या चौकशीच्या टेबलावर, संध्याकाळी गोदामात. क्रेडिट कार्ड एकच ठेवलेलं, त्यावर फक्त गाडीचं पेट्रोल घ्यायचं आणि बिल यायच्या आत ते चुकतं करायचं. मैत्रिणी तिला कंजूष म्हणायच्या. तिने ते कानाआड केलं होतं. बँका पत जोखतात तो आकडा हळूहळू वर सरकत होता आणि बँकेच्या उंबरठ्यापाशी येऊन अडला होता.

"माझ्यामुळे तर काही अडलं नाही ना गं?" आईने विचारलं.

रोशेलचा हात चुकला. फणी कानाच्या पाळीला लागली. अर्नेस्टीनने 'स्स' सुद्धा केलं नाही.

"नाही गं आई. तुझ्यामुळे काय अडणार?" रोशेल म्हणाली आणि बर्फ आणायला वळली.

अडलं होतं ते आईमुळेच. चर्चच्या तळघरात प्रुइटबाई घर घेणाऱ्यांना सल्ला द्यायच्या. कर्जाचा एकेक कागद त्यांनीच रोशेलबरोबर निस्तरला होता. परवा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

"एकच डाग राहिलाय, पोरी. विजेचं थकलेलं बिल. आईच्या जुन्या घराचं, शेवटच्या हिवाळ्याचं. खातं तुझ्या नावावर आहे."

रोशेलला ते ठाऊक होतं. टोलीडोच्या त्या वस्तीत बिलं थकून आयांची नावं खराब झाली की मीटर पोरांच्या नावावर यायचे. शाळेत सगळे त्यावरून चेष्टा करायचे. माझ्या नावावर लाइट आहे, तुझ्या नावावर गॅस, चल लग्न करू.

"भरून टाकते मी," रोशेल म्हणाली होती.

"भर. पण भरलंस तरी डाग वर्षानुवर्षं दिसणार, आणि घराचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबतोय. खातं तू उघडलंच नव्हतंस, असं ठरलं तरच तो पुसला जाईल. त्यासाठी पोलिसांत तक्रार द्यावी लागते. नाव कुणी वापरलं, तेही सांगावं लागतं."

अर्नेस्टीन वृद्धाश्रमात काम करायची. म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायची, त्यांची पाकिटं, अंगठ्या तिच्याच हातात असायच्या. चोरीची तक्रार असलेल्या बाईला तिथे कोण उभं करणार? रोशेलने प्रुइटबाईंना सांगून टाकलं, राहू दे ते घर.

मंगळवारी आईने तिला दुपारी बोलावून घेतलं, जरा गाडीने सोड म्हणाली. ती जांभळी, चर्चची टोपी घालून उभी होती.

"मंगळवारी कसलं चर्च?"

"गाडी चालव. पुढे डावीकडे घे."

डावीकडे पोलीस चौकी होती. रोशेलने गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"प्रुइटबाई रस्त्यावरच्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी करते. परवा चर्चमध्ये माझ्याकडे बघेना. मग घरी जाऊन गाठलं तिला." आईने पर्स मांडीवर घेतली. "काल मी एकटीच आले होते इथे. परत पाठवलं त्यांनी. म्हणे, जिचं नाव वापरलं तिनेच यायला हवं."

"तुझी नोकरी जाईल, आई."

"माझे गुडघे माझ्याआधीच राजीनामा देऊन बसलेत. उतर."

खिडकीमागचा पोलीस तरुण होता, शांतपणे विचारत होता. नाव, पत्ता, खातं कधीचं. मग त्याने विचारलं, "कुणी उघडलं, माहीत आहे?"

"मी," अर्नेस्टीन म्हणाली.

"बाई, यांना सांगू द्या. या कोण तुमच्या?"

"आई," रोशेल म्हणाली.

त्याने कागदावरून मान वर केली. "खात्यासाठी तुमचं नाव वापरायला तुम्ही परवानगी दिली होती?"

रोशेलला ते स्वयंपाकघर दिसलं. बशीत मेणबत्ती लावलेली. ती नऊ वर्षांची, आणि समोर खुर्ची ओढून, एखाद्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी बसलेली आई. तुझं नाव मला उसनं देशील, रोशेल? परत करीन मी. कधी करशील, असं तिने विचारलं होतं आणि आई हसली नव्हती. वस्तीतल्या बाकीच्या आयांनी पोरांची नावं परस्पर घेतली होती. हिने मागून घेतलं होतं. शाळेत रोशेल ते मान वर करून सांगायची. आईसुद्धा, चारचौघींत विषय निघाला की एवढंच म्हणायची, मी विचारून घेतलं. तिच्यापाशी मिरवण्यासारखं फार नव्हतं. हे होतं.

रोशेलने तोंड उघडलं.

"नाही," शेजारून आई म्हणाली. "तिला विचारलं नव्हतं मी. झोपली होती ती."

पोलिसाने रोशेलकडे बघितलं. "असंच झालं होतं?"

अर्नेस्टीन समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिचा हात वर गेला होता आणि टोपीखाली, शनिवारी भाजलेला कान तिने बोटांत धरून ठेवला होता. रोशेलला वाटलं, आईला उठवावं आणि इथून घेऊन जावं. पण तसं केलं असतं तर आईने आत्ताच दिलेलं तिच्या तोंडावर परत फेकल्यासारखं झालं असतं.

"हो," ती म्हणाली. "झोपले होते मी."

त्याने लिहून घेतलं. रोशेलने सही केली. सही करताना तिला रडू आलं, तर पोलिसाने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला. स्वतःच्या आईने असं केलं म्हणून बिचारी रडतेय, असं त्याला वाटलं असणार.

गाडीत बसल्यावर अर्नेस्टीनने टोपी काढून मांडीवर घेतली.

"कियाला चेरीच्या झाडाकडची खोली दे," ती म्हणाली. "सकाळी उजेड चांगला येतो तिथे. बघून आले मी."