बुक्क्यांची कुस्ती

त्या संध्याकाळी सांगलीच्या गूळबाजारात माझं कुणीही ऐकलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. हळदीच्या सौद्यात बोली पुकारून कमावलेला माझा गळा. ह्या टोकाला मी भाव म्हटला की त्या टोकाचा अडत्या मान वर करतो. म्हणून तर सामन्यांच्या वेळी भोंगा माझ्या हाती दिला होता. पण समोर सातारा जिल्ह्यातल्या तालमी लोटल्या, तर तिथं ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही.

शेहेचाळीस सालची दिवाळी नुकतीच उरकली होती. मुंबईत दंगलींमुळे संचारबंदी, त्यामुळे तिथलं बॉक्सिंग बंद पडलेलं. सामने भरवणाऱ्या मंडळींनी ते उचलून आमच्याकडे आणलं, कारण त्यातला एक गडी आमच्या बाजूचा होता. एका संध्याकाळी हिंदुस्थानच्या तीन किताबांच्या लढती, आणि सगळ्यांत शेवटची आमच्या हंबीररावाची.

हंबीरराव कराडच्या अलीकडचा, कृष्णाकाठचा. पोरवयात तालमीत घुमला, मग पलटणीत गेला. तिथल्या साहेबानं त्याच्या मुठी बघून हातात मोजे चढवले आणि तो कुस्ती सोडून बुक्केबाज झाला. इटलीची लढाई मारून आला, पलटणीतून सुटला, मुंबईत पैशाच्या लढतींत नाव काढलं. आता त्याचं वय चौतीस. किताब तीन वर्षं मुंबईच्या जो पिंटोकडे होता. आज जिंकला तर हिंदुस्थानचा पट्टा हंबीररावाच्या कमरेला. हरला, तर ह्या वयात पुन्हा कोण बोलावतंय? हे त्याला माहीत होतं आणि त्याच्या बायकोला, अंजनाला, त्याच्याहून जास्त माहीत होतं. घरामागच्या परड्यात कोंड्याचं पोतं टांगून तो सराव करायचा, तेव्हा मागून पोतं धरून उभी राहायची ती अंजनाच. बॉक्सिंगचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते.

वडिलांची गोष्ट वेगळी. नाथाजी म्हणजे गावच्या तालमीचे वस्ताद. साठी उलटली तरी मांडीवर शड्डू ठोकला की गोठ्यातली जनावरं दचकायची. पोरानं माती सोडली ह्याचा त्यांना भारी राग होता. सामन्याआधी मी त्यांना रिंगणापाशी नेलं. मोटेचे नाडे चौफेर ताणून त्यांना जुन्या लुगड्यांची गुंडाळी केली होती आणि खाली फळ्यांवर ताडपत्री. नाथाजींनी फळीवर अंगठा दाबून बघितला.

"माती न्हाई?"

"नाही."

"मग पाठ लावायची कशाला?"

"पाठ लावायची नसतेच, वस्ताद. पडलेला माणूस दहा आकडे मोजेपर्यंत उठला, तर लढत पुढे चालू."

"पडलेला परत उठतो?" म्हातारा माझ्यावरच डाफरला. "आवं, पाठ टेकली की इषय संपला. ह्यो काय खेळ हाय का पोरखेळ?"

तरीही ते पहिल्या रांगेत, भरजरी फेटा बांधून बसले. पोराला भेटायला काही गेले नाहीत. हंबीरराव कोपऱ्यात हाताला पट्ट्या बांधून घेत होता, आणि नजर सारखी त्या फेट्याकडे जात होती. मला त्याची कीव आली आणि म्हाताऱ्याचा संताप आला.

पहिल्या दोन लढती गुणांवर सुटल्या. कोणी पडलं नाही, कोणी चीत झालं नाही. पंचानं एकाचा हात वर केला आणि लोक एकमेकांकडे बघत राहिले. "ह्यात जितलं कोन गड्या?" असं मागून कोणीतरी विचारलं आणि हशा पिकला. तिसऱ्या लढतीआधी मी भोंग्यातून नियम सांगायला उभा राहिलो. खाली पडला म्हणजे हरला नव्हे, दहा होईपर्यंत जागेवरून हलू नका, असं घसा फोडून तीनदा सांगितलं. पण हंबीरराव दोरातून आत शिरला होता, हलगी कडाडत होती, शिट्ट्या चालल्या होत्या. माझ्या नियमांचं भजं झालं.

घंटा वाजली. पिंटो उंच, सडपातळ, हाताचा लांब. त्याचा डावा हात लांबूनच हंबीररावाच्या नाकावर येऊन टेकायचा. दोन फेऱ्या आमच्या गड्यानं नुसता मार खाल्ला. तिसरीत मात्र तो वाकून आत घुसला, पोटात दोन ठेवून दिल्या, आणि पिंटोचा हात खाली आला तसा उजवा ठोसा जबड्यावर बसला. पिंटो उताणा पडला. दोन्ही खांदे ताडपत्रीला लागले.

पुढचं सांगताना आजही माझं डोकं फिरतं. चीत! अख्ख्या बाजाराला तेवढंच दिसलं. जन्मभर ज्यांनी पाठ टेकलेली बघून टोप्या उडवल्या, ते दहा आकडे कशाला थांबतील? माणसं उठली, फेटे उडाले, आणि सगळ्यांच्या पुढे, दोर वाकवून रिंगणात शिरणारा पहिला माणूस म्हणजे खुद्द नाथाजी वस्ताद! सहा वर्षं ज्या पोराशी नीट बोलले नव्हते त्याला त्यांनी खांद्यावर उचललं. "माझा वाघ! आरं माझा वाघ!" म्हणत ते खाली उतरले आणि तालमीच्या गड्यांनी दोघांना गराडा घातला. कोणीतरी मूठभर गुलाल हंबीररावाच्या तोंडावर फेकला.

"सोडा मला! आबा, खाली ठिवा!" हंबीरराव ओरडत होता. हलगीत कुणाला ऐकू येतंय?

इकडे पारशी पंच सोराबजी साहेब आकडे मोजत होते. आठाला पिंटो उठून उभा राहिला. साहेबांनी त्याच्या मोज्यांना लागलेली धूळ पुसली, वळून पाहिलं, तर दुसरा गडी मिरवणुकीत. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "त्याला सांग! मी दहा मोजते, परत आला नाय तर तो हारला!" आणि मोजणी हंबीररावाची सुरू झाली.

मी भोंग्यात किंचाळलो. काही उपयोग नाही. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कनात सारून अंजना आली. सासऱ्यासमोर आजवर जिनं वर मान करून शब्द काढला नव्हता, ती त्या गर्दीत कोपरं मारत घुसली, हलगीवाल्याच्या हातातून हलगी हिसकावली, आणि सासऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली. डोईचा पदर कधीच खाली आला होता.

"मामंजी, सोडा ह्यास्नी! कुस्ती न्हाई ही! त्यो उटलाय तिकडं, उटलाय! तुमीच हरवाय लागलाय पोराला!"

नाथाजींनी मान वळवली. रिंगणात पिंटो दोन पायांवर उभा. साहेबांची सहा बोटं वर झालेली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. मग ते असे गरजले की माझ्या भोंग्याला लाज वाटावी. "व्हा बाजूला!" गर्दी फाटली. पोराला खांद्यावर घेऊन ते धावले आणि गव्हाचं पोतं गाडीत टाकावं तसं त्याला दोरांवरून आत टाकलं. साहेब नऊ म्हणाले होते.

लढत पुन्हा सुरू झाली, पण आता डाव पिंटोचा. त्याला दम खायला मिळाला होता आणि आमच्या गड्याचे डोळे गुलालानं भरलेले. फेरी संपल्यावर कोपऱ्यात पाणी मारून डोळे धुतले, तरी डावा उघडेना. चौथ्या, पाचव्या फेरीत हंबीरराव आंधळ्यागत ठोसे खात राहिला. आपण काय करून बसलो हे आता सगळ्यांना उमगलं होतं. नाथाजी जागेवर बसलेच नाहीत. दोर मुठीत धरून उभे होते, आणि पोराला बसलेला प्रत्येक ठोसा त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"डाव्या अंगानं येतोय त्यो!" अंजना ओरडली. आता तिला कोणी मागे जा म्हणालं नाही. "खाली वाका नि आत घुसा! पोत्याला मारताय तसं!"

सहाव्या फेरीत पिंटोचा तो लांब डावा पुन्हा आला. हंबीररावाला तो दिसला नसणार. त्यानं बायकोचा आवाज ऐकला आणि वाकला. ठोसा डोक्यावरून गेला. मग पोटात एक, दोन, आणि खालून उजवा असा आला की आवाज पेठेपर्यंत गेला असेल. पिंटो गुडघ्यावर आला, कलंडला, उताणा झाला.

हजारो माणसं, पण एकही जागचं हललं नाही. तालमीच्या पोरांनी एकमेकांचे दंड धरून ठेवले होते. नाथाजींनी पाठ रिंगणाकडे करून दोन्ही हात फैलावले होते. कोणी उठलाच असता तर म्हाताऱ्यानं त्याला तिथंच लोळवलं असतं. साहेब मोजू लागले आणि बाजार त्यांच्याबरोबर मोजू लागला, आधी पुटपुटत, मग छाती फोडून. नवाला मी डोळे मिटले. दहा!

साहेबांनी हंबीररावाचा हात वर केला. मी भोंग्यातून म्हणालो, "हिंदुस्थानचा किताब, हंबीरराव नाथाजी!" आवाज फुटला माझा, सौद्यात कधी फुटला नव्हता. कमरेला पट्टा बांधला गेला. तरी लोक गप्प. हलगीवाला परत मिळालेली हलगी हातात घेऊन नुसता बघत होता. पुन्हा काही चुकेल ह्याची एवढी भीती त्या बाजारात मी पहिल्यांदाच बघितली.

नाथाजी हळूच वळले. फेटा सुटून गळ्यात आला होता, गालांवरून पाणी वाहत होतं. दोन्ही हात जोडून त्यांनी साहेबांना विचारलं,

"सायेब, आता उचलू का?"

सोराबजी साहेबांनी स्वतःच दोर वर उचलून धरला.

"उचल बाबा, उचल! तुझा पोरगा हाय!"